कार्ड जोडले की ईएसपी३२ सुरूच होत नाही

प्रश्न : शेतातील तापमान आणि आर्द्रता मायक्रो एसडी कार्डावर नोंदवणारे उपकरण मी ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर चिपच्या बोर्डावर तयार करीत आहे. कार्डाचे मॉड्यूल एचएसपीआयच्या (चिपच्या एका एसपीआय डेटा-जोडणीच्या) १२, १३, १४ व १५ या पिनांना जोडले आहे. मॉड्यूल जोडून बोर्ड चालू केला की तो पुन्हा पुन्हा रीसेट होतो आणि सीरियल मॉनिटरवर ‘फ्लॅश रीड एरर, १०००’ हा संदेश सतत येत राहतो. बोर्ड आधी चालू करून मॉड्यूल नंतर जोडले, तर मात्र सारे सुरळीत चालते. केबल बदलली, २ अँपिअरचा अडॅप्टर लावला, मोठा कपॅसिटरही जोडला. फरक पडला नाही. बोर्ड खराब झाला असेल का? – एक वाचक, कराड

उत्तर : बोर्ड बहुधा ठणठणीत आहे. विद्युतपुरवठ्यावर तुम्ही संशय घेतलात ते स्वाभाविक होते, कारण ईएसपी३२च्या तक्रारींमध्ये तोच बऱ्याचदा दोषी निघतो. पण तसे असते तर ‘ब्राउनआउट डिटेक्टर’चा (व्होल्टेज फार खाली गेल्याचे ओळखणाऱ्या भागाचा) उल्लेख असलेला संदेश दिसला असता. तुमचा प्रोग्रॅमही निर्दोष धरायला हरकत नाही, कारण प्रोग्रॅम जिथे साठवलेला असतो ती फ्लॅश मेमरी वाचताच येत नसल्याने तो सुरू होण्याची वेळच येत नाही.

खरी खूण तुमच्याच पत्रात आहे : मॉड्यूल नंतर जोडले की बोर्ड चालतो. ईएसपी३२च्या ०, २, ५, १२ आणि १५ या पिना ‘स्ट्रॅपिंग’ पिना आहेत, म्हणजे वीजपुरवठा सुरू होताना त्यांच्यावर जी पातळी असेल ती चिप टिपून घेते आणि त्यानुसार स्वतःची मांडणी ठरवते. त्यांपैकी १२ क्रमांकाची पिन फ्लॅश मेमरीला किती व्होल्ट द्यायचे हे ठरवते. ती लो (शून्य व्होल्टजवळ) असेल तर ३.३ आणि हाय (३.३ व्होल्टजवळ) असेल तर १.८ व्होल्ट. वरूम या ईएसपी३२ मॉड्यूलमधील नेहमीच्या फ्लॅशला ३.३ व्होल्ट लागतात. नेमकी हीच पिन एचएसपीआयची मिसो, म्हणजे कार्डाकडून चिपकडे डेटा आणणारी पिन असते आणि एसडी कार्डाच्या मॉड्यूलवर मिसोला साधारणपणे १० किलोओहमचा पुलअप, म्हणजे पिनेला ३.३ व्होल्टकडे ओढणारा रोध असतो. तिला शून्याकडे ओढणारा चिपमधला पुलडाउन सुमारे ४५ किलोओहमचा असल्यामुळे या ओढाताणीत पिनेवर सुमारे २.७ व्होल्ट येतात, आणि चिप ते हायच समजते. मॉड्यूल वेगळे काढून त्याच्या ३.३ व्होल्ट आणि मिसो या टोकांमध्ये मल्टिमीटरने रोध मोजलात, तर पुलअप आहे की नाही ते लगेच कळेल.

पडताळणीचा आणखी एक मार्ग म्हणजे रीसेटनंतर छापल्या जाणाऱ्या ओळीतील ‘बूट’चा आकडा. सामान्य स्थितीत तो ०एक्स१३ असतो. तुमच्याकडे तो ०एक्स३३ दिसायला हवा. या दोहोंतला फरक एकाच बिटाचा आहे आणि तो बिट १२ क्रमांकाच्या पिनेचाच आहे. दुर्दैवाने ही ओळ सहसा कोणी वाचत नाही.

उपाय सोपा आहे. मिसोची तार १२ वरून काढून २७ वर लावा आणि एचएसपीआयच्या ‘बिगिन’ फंक्शनमध्ये क्लॉक, मिसो, मोसी (चिपकडून कार्डाकडे जाणारा डेटा), सीएस (कार्ड निवडणारी पिन) या क्रमाने १४, २७, १३, १५ असे आकडे द्या. त्याच वेळी ‘एसडी बिगिन’ला सीएस पिनेबरोबर हा एचएसपीआय ऑब्जेक्टही द्यायला विसरू नका, अन्यथा लायब्ररी तिच्यात आधीच ठरलेल्या दुसऱ्याच एसपीआय पिनांवर कार्ड शोधत बसेल. बाकीच्या तीन तारा जिथे आहेत तिथेच राहू द्या.

चिपमधील ईफ्यूज (एकदाच लिहिता येणारे बिट) जाळून फ्लॅशचा व्होल्टेज ३.३ वर कायमचा पक्का करण्याचीही सोय आहे आणि त्यानंतर १२ क्रमांकाची पिन मोकळी होते. मात्र हा बदल पुन्हा उलटवता येत नाही, आणि ईएसपी३२च्या काही रोव्हर मॉड्यूलमध्ये १.८ व्होल्टची फ्लॅश असते, त्यांच्यावर तो केल्यास मेमरीला धोका पोहोचेल. छापील सर्किट बोर्ड तयार होऊन आला असेल आणि तार हलवणे शक्यच नसेल, तरच या वाटेला जावे. तुमचे काम अजून जंपर तारांवर चालले असेल, तर त्याची गरज नाही.