एथिक्सची जोड-नियुक्ती: सही करण्याआधी मत कोणाचं ते विचारा

तत्त्वज्ञानात पीएचडी, काही वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना एथिक्स शिकवण्याचा अनुभव, आणि आता अमेरिकेतल्या एका विद्यापीठाकडून टेन्यूर-ट्रॅक (म्हणजे पुढे टेन्यूर, कायमची नोकरी, मिळू शकते अशा) असिस्टंट प्रोफेसरची ऑफर: अर्धी जागा तत्त्वज्ञान विभागात, अर्धी एथिक्स सेंटरमध्ये. यावं का, असं तुम्ही विचारलंय. मीही अशाच जोड-नियुक्तीवर आलो आणि इथेच टिकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या, पण त्याआधी टेन्यूरला मत कोण देणार ते विचारून घ्या. सेंटरचं नाव मोठं असतं, पाहुणे वक्ते येतात, वेबसाइट देखणी असते. टेन्यूर देण्याचा अधिकार मात्र बहुतेक सेंटरना नसतो, तो विभागाकडे असतो. संचालक तुमच्यावर कितीही खूश असले तरी फाइल जाते विभागात, आणि तिथली मोजपट्टी वेगळी. तत्त्वज्ञानवाल्यांना एकट्याच्या नावावरचा, त्यांच्या ओळखीच्या जर्नलमधला लेख लागतो. डॉक्टर, नर्स आणि संख्याशास्त्रज्ञ यांच्याबरोबर लिहिलेला सात नावांचा पेपर दिसला की प्रश्न येतो, ‘यात तुमचं नेमकं काय?’ माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापिकेची फाइल याच प्रश्नावर अडली. सेंटरने तिला असेच पेपर लिहायला आणलं होतं, पण ते कागदावर कुठेच नव्हतं.

म्हणून दोन्हीकडच्या प्रमुखांची आणि डीनची सही असलेला करार मागा. त्यात टेन्यूरचा विभाग कोणता, संयुक्त लेखन कसं मोजणार, बाहेरचे परीक्षक कोण सुचवणार आणि कमिट्या किती, हे सगळं हवं. अर्धी-अर्धी नोकरी म्हणतात खरी, पण मीटिंगा दोन्हीकडच्या पूर्ण असतात! मागायला संकोच करू नका. इथे ऑफर आल्यावर घासाघीस करणं कोणी मनाला लावून घेत नाही.

एथिक्सच्या जागा इथे निघतात त्या बऱ्याचदा नियमांमुळे. टस्कीगी प्रकरण (सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीयांना अभ्यासासाठी उपचाराविना ठेवलं ते) १९७२ मध्ये बाहेर आलं, १९७४ ला माणसांवरच्या संशोधनाचा कायदा झाला, १९७९ ला अशा संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणारा बेलमाँट अहवाल आला. २००७ च्या कायद्याने एनएसएफच्या (संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) निधीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना जबाबदार संशोधनाचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. त्यामुळे काही ठिकाणी एथिक्सचा माणूस म्हणजे रकान्यात टिक करायची सोय. हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: तुमचा कोर्स क्रेडिटचा आहे का, आणि तो तुमच्या टीचिंग लोडमध्ये धरला जातो का? हार्वर्डने २०१७ मध्ये कॉम्प्युटर सायन्सच्या कोर्सांमध्येच एथिक्सची सत्रं घालायला सुरुवात केली. मला ही पद्धत फार आवडते. पण दुसऱ्याच्या कोर्समध्ये जाऊन घेतलेली पाच सत्रं म्हणजे कोर्स धरायचा की नुसता उपकार, हे आधी ठरायला हवं.

शिकवण्याची चिंता करू नका, उलट तिथे मजा आहे. मी सिव्हिलच्या मुलांना न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प टॉवरची केस देतो. १९७८ मध्ये बांधकामातली कमतरता कळल्यावर त्याचे स्ट्रक्चरल इंजिनिअर लमेझुरिए यांनी ती स्वतः मालकाला सांगितली आणि रात्री गुपचूप वेल्डिंग करून इमारत भक्कम केली गेली. वर्ग त्यांचं कौतुक करतो. मग मी विचारतो, आजूबाजूच्या रहिवाशांना सांगितलं का? लोकांना हे कळलं १९९५ मध्ये! इथून पुढे तासभर मला बोलावं लागत नाही. मुलं नावाने हाक मारतात आणि तोंडावर ‘पटलं नाही’ म्हणतात. त्याची सवय होते.

पगार बहुधा नऊ महिन्यांचा असतो, उन्हाळ्याचं तुम्ही बघा. मेडिकल स्कूलची जागा असती तर पगारातला किती हिस्सा ग्रँटमधून आणायचा हेही विचारा म्हटलं असतं, कारण तिथे ग्रँट संपली की जागा डळमळते.

आता व्हिसा. विद्यापीठाच्या एच-वन-बीला (नोकरीचा व्हिसा) लॉटरी नाही. पण सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हा ते अजून लागू आहे का आणि असल्यास भरायची तयारी आहे का हे एचआरला आत्ताच विचारा. ‘जे-वनवर (पाहुण्या अभ्यासकांचा व्हिसा) या, मग बघू’ असं म्हणाले तर सावध राहा; जे-वनवर टेन्यूर-ट्रॅक जागा देता येत नाही. जोडीदाराला एच-फोरवर (तुमच्यासोबत येणाऱ्यांचा व्हिसा) लगेच नोकरी करता येत नाही, हे घरी आधीच बोलून घ्या. ग्रीन कार्डासाठी विद्यापीठ शिक्षकांची खास प्रक्रिया आहे, पण निवड झाल्यापासून १८ महिन्यांत अर्ज जावा लागतो आणि विभागाचे लोक हे हमखास विसरतात. भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ ची (नोकरीवरच्या ग्रीन कार्डाचा एक वर्ग) रांग बघता पुढे ईबी-१ मधल्या नामवंत प्राध्यापक-संशोधकांच्या गटाचा विचार करा. त्याला किमान ३ वर्षांचा अध्यापनाचा किंवा संशोधनाचा अनुभव दाखवावा लागतो. तेव्हा तारखा आणि विषय लिहिलेलं अनुभवपत्र सध्याच्या कॉलेजकडून निघण्याआधीच घ्या. नोकरी सोडल्यावर ईमेलवर ते मिळवताना जीव जातो.