सोलापुरात मन शांत करायला घरात ध्यानाला बसावं की सिद्धेश्वर तलावाकाठी चालावं?

तलावाकाठी चाला, आणि चालतानाच लक्ष श्वासावर, पावलांवर ठेवा. ध्यान त्यातच होतं. 2019 साली इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या अभ्यासात आठवड्याला किमान 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं सांगणारे जास्त निघाले. वेळ सलग की तुकड्यातुकड्यानं, यानं फरक पडला नाही. (तिथला उन्हाळा आपल्यासारखा नसतो, म्हणून इथे सकाळी सातच्या आतच.) हा तलाव 12व्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमदानातून खोदवला असं मानतात, त्यामुळे पाण्यात निर्माल्य न टाकणं हीही साधनाच धरा. मात्र दोन आठवडे झोप, भूक उडाली असेल तर नुसत्या चालण्यावर भागवू नका. मानसोपचारतज्ज्ञ गाठा किंवा टेली-मानसच्या 14416 या मोफत सरकारी क्रमांकावर बोला.