जुन्या छोट्या गाडीचे पिवळे पडलेले हेडलाइट घरच्या घरी कमी खर्चात स्वच्छ करता येतात का?

होय, पिवळेपणा बाहेरच्या बाजूला असेल तर तो घरी निश्चित काढता येतो, आणि जुन्या गाडीवर पहिला खर्च याच कामावर करावा असे मला वाटते. हेडलाइटची ‘काच’ बहुधा पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते. तिच्यावरचा संरक्षक थर उन्हातील अतिनील किरणांनी झिजला की ती धूसर होते. म्हणून कडेच्या रंगावर मास्किंग टेप लावून, पृष्ठभाग सतत ओला ठेवून, ८००, १५०० आणि २००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने (पाण्यासोबत वापरायच्या सँडपेपरने) क्रमाने घासावे व मग पॉलिश करावे. शेवटी अतिनीलरोधक पारदर्शक थर द्यायलाच हवा, अन्यथा पिवळेपणा लवकरच परततो. मात्र आतील परावर्तकाचीच (बल्बचा प्रकाश पुढे फेकणाऱ्या चकचकीत भागाचीच) चकाकी गेली असेल, तर बाहेरून घासून प्रकाश वाढणार नाही.