उत्तर : इटलीच्या खेड्यांतले किल्ले, चर्च आणि यात्रेकरूंची वाट. यादी नको, एक वाट धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस पाहून झालंय. सप्टेंबरअखेर सात रात्री हाताशी आहेत. या खेपेला खेड्यांतले किल्ले आणि जुनी चर्च बघायची, जमलंच तर यात्रेकरूंच्या वाटेवर थोडं चालायचं. बरोबर ६४ वर्षांची आई, मांसमच्छी चालत नाही, आणि गाडी भाड्याने घ्यावी का ते ठरत नाहीये. शिवाय सतरा ठिकाणांची यादी.

यादी आधी बाजूला ठेवा. मी या पट्ट्यात चारदा गेले आहे. पहिल्या खेपेला अशीच यादी घेऊन दिवसाला तीन-तीन गावं उरकली. आज त्यातले वाहनतळ आठवतात, किल्ले नाही. दुसऱ्या खेपेपासून एकच वाट धरली आणि मग सगळं जागच्या जागी बसलं. तिथले किल्ले, चर्च, धर्मशाळा ही सुटी सुटी ‘ठिकाणं’ नाहीतच. रस्ता होता म्हणून ती उभी राहिली. रस्त्यावर कर घ्यायला कुणी बुरूज बांधला, चालून थकलेल्यांना झोपायला कुणी मठ बांधला, त्यांना खाऊ घालायला कुणी धान्याची गढी बांधली.

त्या रस्त्याचं नाव व्हिया फ्रान्चीजेना. इंग्लंडमधल्या कँटरबरीपासून रोमपर्यंत. इ. स. ९९० मध्ये तिथला आर्चबिशप सिजेरिक पोपकडून अधिकाराचं वस्त्र घ्यायला रोमला गेला आणि परतीच्या प्रवासातल्या मुक्कामांची नावं त्याने नोंदवून घेतली. आजची वाट बरीचशी त्याच नोंदीवरून आखलेली आहे. १९९४ मध्ये युरोपीय परिषदेने तिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. सगळी वाट चालायला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा तो विचार सोडा. तुम्हाला हवा तो तुकडा रोमच्या उत्तरेचा, सिएना ते व्हितेर्बो.

आता ‘कास्तेल्लो’ या शब्दाबद्दल. पाटीवर तो दिसला की डोळ्यांपुढे राजगड आणू नका. खूपदा कास्तेल्लो म्हणजे तटबंदी घातलेलं छोटं गाव असतं आणि लोक आत आजही राहतात. वेशीतून शिरलात की दोरीवर चादरी वाळत असतात, खिडकीतून टीव्हीचा आवाज येतो. मोन्तेरिज्जोनी असंच. सिएनाने १३व्या शतकाच्या सुरुवातीला फ्लोरेन्सवर नजर ठेवायला टेकडीवर गोल तट बांधला, त्यावर १४ बुरूज. आतलं गाव पंधरा मिनिटांत संपतं. बसने जाऊन फोटो काढून परतलात तर ‘एवढंच?’ म्हणाल.

म्हणून तिथे चालत जा. आदल्या मुक्कामाला आब्बादिया आ ईझोला नावाचा मठ आहे. ईझोला म्हणजे बेट. १००१ मध्ये आवा नावाच्या एका उमराव बाईने तो स्थापला तेव्हा भोवती दलदल होती, म्हणून हे नाव. सिएनाहून टॅक्सीने तिथे उतरा, चर्च बघा आणि शेतांमधून निघा. तासाभराची चाल आहे. बुरूज आधी दाताच्या कवळीसारखे दिसतात, मग एकेक सुटा होतो, मग चढ लागतो आणि तट अंगावर येतो. शत्रूला तो कसा दिसत असेल ते तेव्हा कळतं. माझ्या सासूबाईंनी ६७व्या वर्षी ही चाल आरामात केली, गुडघ्याला पट्टा लावून.

सासूबाईंचं सांगितलंच पाहिजे. त्यांनी आळंदी-पंढरपूर वारी तीनदा केलेली. पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात थांबल्या आणि म्हणाल्या, “टाळ नाही, मृदंग नाही, माणूससुद्धा नाही. चालायचं कशाच्या जोरावर?” रास्त प्रश्न. या वाटेवर तासन् तास कुणी भेटत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच हरिपाठ म्हणत पुढे निघाल्या आणि मलाच मागून पळावं लागलं.

सिएनात तीन रात्री ठेवा. रोमहून थेट बस आहे, साधारण तीन तास. कॅथेड्रलच्या समोरच सान्ता मारिया देल्ला स्काला हे यात्रेकरूंसाठीचं जुनं रुग्णालय आहे, आता संग्रहालय. त्यातल्या ‘पेल्लेग्रिनायो’ या दालनाला निदान एक तास द्या. १५व्या शतकात दोमेनिको दि बार्तोलो याने भिंतींवर रुग्णालयाचंच रोजचं काम रंगवलंय. एकाच्या मांडीवरची जखम धुताहेत, एक वैद्य बाटलीतली लघवी उजेडात धरून बघतोय, आणि खाली जमिनीवर कुत्रं-मांजर भांडताहेत. या चित्रांखाली विसाव्या शतकापर्यंत खरोखरचे पेशंट झोपत होते.

दुसऱ्या दिवशी याच रुग्णालयाचं कोठार बघा. सिएनाच्या दक्षिणेला कूना नावाची विटांची प्रचंड गढी आहे. मोन्तेरोनीपर्यंत रेल्वे, पुढे थोडी चाल. लांबून किल्लाच वाटतो, पण राजाचा नाही, गव्हाचा. रुग्णालयाच्या शेतांतलं धान्य इथे साठायचं. पोत्यांनी लादलेली खेचरं वरच्या मजल्यापर्यंत जावीत म्हणून आत जिन्याऐवजी उतार बांधला आहे. तुमच्या यादीत हे नाव नव्हतं, माझ्या मते पहिल्या पाचांत हवं. तिथेही लोक राहतात, सगळं आत बघायला मिळेलच असं नाही. एक सूचना : पाऊस पडून गेला असेल तर या भागात वाटेने चालू नका. इथली करडी चिकणमाती बुटाला अशी धरते की प्रत्येक पावलाला पाव किलो वाढतं.

पुढच्या दोन रात्री सान क्विरीको दोर्च्या. इथल्या चर्चच्या मुख्य दाराशी पाच मिनिटं उभ्या राहा. दोन्ही बाजूंचे दगडी खांब मध्येच दोरीसारखे गाठ मारलेले आहेत आणि सिंहांच्या पाठीवर उभे आहेत. दगड वाळूचा, त्यामुळे सिंहांची तोंडं झिजून लाडूसारखी झालीत. इथून बान्यो विन्योनीपर्यंतची चाल आईंना नक्की आवडेल, दीड-दोन तासांची, बरीचशी कच्च्या रस्त्याने. त्या गावात चौकाच्या जागी गरम पाण्याचं मोठं कुंड आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरी आठवेल, पण कुंडात उतरायला मनाई आहे. पाय बुडवायचे तर गावाच्या खालच्या अंगाला जा. जुन्या पाणचक्क्यांच्या अवशेषांजवळून तेच पाणी पाटाने वाहतं.

मग रादिकोफानी. सान क्विरीकोहून पायी तेहतीसेक किलोमीटर, शेवटी लांबलचक चढ. वाटेत पाण्याची नि खाण्याची सोय जवळजवळ नाही. हे तुम्ही करू नका. मी एकदा केलंय. सकाळी आठला दिसलेला बुरूज दुपारी तीनपर्यंत तेवढाच दिसत होता. हा टप्पा टॅक्सीने करा, आदल्या रात्री घरमालकिणीकडून दर ठरवून घ्या आणि त्याच टॅक्सीने पुढे बोल्सेनाला उतरा, कारण या मधल्या पट्ट्यात सार्वजनिक वाहतूक फार तुटक आहे. रादिकोफानीचा डोंगर जुन्या ज्वालामुखीचा. काळा दगड पाहून सह्याद्रीत फिरणाऱ्याला घरी आल्यासारखं वाटतं. १३व्या शतकाच्या अखेरीस इथे गीनो दि ताक्को नावाचा लुटारू ठाण मांडून होता, रस्त्यावरच्या श्रीमंतांना अडवायचा. गावाने आता त्याचा पुतळा उभारलाय. किल्ला १८व्या शतकात स्फोटात उद्ध्वस्त झाला, आज दिसणारा बुरूज बराचसा विसाव्या शतकातली पुनर्बांधणी आहे. तरी वरून दिसणाऱ्या खोऱ्यासाठी चढा.

बोल्सेना एक रात्र (तळं, सान्ता क्रिस्तीनाचं चर्च), शेवटची व्हितेर्बो, तिथून रेल्वेने रोम. व्हितेर्बोच्या पोपवाड्यात १२६८ पासून जवळजवळ तीन वर्षं कार्डिनलांना, म्हणजे पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंना, नवा पोप निवडता येईना. गावकऱ्यांनी त्यांना कोंडलं, खाणं कमी केलं, शेवटी छप्परही उतरवलं. पोप निवडायच्या सभेला ‘कॉन्क्लेव्ह’ म्हणतात. त्या शब्दात लॅटिनमधली किल्ली आहे, म्हणजे कुलूपबंद सभा. पोपच्या निवडीच्या वेळी कार्डिनलांना कोंडून ठेवायचा नियम या प्रकारानंतर, १२७४ मध्ये झाला.

किल्लीवरून आठवलं. खेड्यांतली चर्च दुपारी बारा-साडेबारापासून साडेतीनपर्यंत बंद, आणि लहान चर्च तर एरवीही कुलपात. दारावर चिठ्ठी असते : किल्ली अमुक घरी. संकोच करू नका, बेल वाजवा. एका ठिकाणी एका आजीबाईंनी मला लाकडाच्या ठोकळ्याला बांधलेली वीतभर किल्ली दिली, चुकून खिशात राहू नये म्हणून तो ठोकळा. बरोबर आल्या नाहीत. परत द्यायला गेले तर पहिला प्रश्न, दिवा मालवला का? मोठ्या चर्चांत दिव्यासाठी नाणं टाकायची पेटी असते, पन्नास सेंट आणि एक युरोची नाणी साठवून ठेवा. आत गेल्यावर लगेच मोबाइल काढू नका. दोन मिनिटं काळोखात उभं राहिलं की खांबांवरचे प्राणी आपोआप दिसू लागतात.

गाडीबद्दल माझं मत : नको. आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागेल, आणि जुन्या गावांच्या वेशीवर ‘झेड टी एल’ अशी पाटी असते, म्हणजे पुढे बाहेरच्या गाड्यांना मनाई, ती ओलांडली की कॅमेरा टिपतो आणि दंड महिन्यांनी घरी येतो. मात्र सान्तान्तिमो हा मठ बघायचाच असेल तर एक दिवस गाडी घ्या, तो या वाटेपासून बाजूला आहे. बसचं वेळापत्रक वाचताना ‘फेरिआले’ शब्दाने फसू नका. सुट्टीचा वाटतो, पण अर्थ कामाचा दिवस, शनिवार धरून. रविवार-सणाचा शब्द ‘फेस्तीवो’. आणि ‘स्कोलास्तिको’ म्हणजे फक्त शाळा असेल त्या दिवशी. या तीन शब्दांपायी मी एका ओसाड थांब्यावर अडीच तास काढलेत.

जेवण. नुसतं ‘मांस नको’ म्हटलंत तर हॅम येऊ शकतं, कारण काहींच्या लेखी ते मांसात मोडत नाही. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा प्रोशुत्तो’ असं पूर्ण म्हणा. सुपात डुकराची चरबी आहे का तेही विचारा. ‘पीची आल्लाल्योने’ म्हणजे जाडसर हाताने वळलेला पास्ता, टोमॅटो आणि भरपूर लसूण. यावर आम्ही चार दिवस काढले. अंडंही नको असेल तर ताज्या पास्त्याबद्दल विचारून घ्या. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद. तस्कनीचा, म्हणजे सिएनाच्या प्रांताचा, पाव अळणी असतो, मीठच घालत नाहीत. बरोबर सोलापुरी शेंगाचटणी न्या, त्या पावाचं सार्थक होतं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून शिकारीचा हंगाम सुरू होतो. रानात बंदुकीचे आवाज आले तर घाबरू नका, पण भडक रंगाचं जाकीट घाला आणि वाट सोडू नका.

यात्रेकरूंची पुस्तिका घ्या, प्रत्येक मुक्कामी शिक्का मिळतो. रोममधलं प्रमाणपत्र शेवटचे १०० किलोमीटर चालणाऱ्यांनाच, ते तुम्हाला मिळणार नाही. पण शिक्के आईंच्या हातात द्या. सासूबाईंनी ती पुस्तिका देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आहे, पंढरपूरच्या बुक्क्याच्या डबीशेजारी.