उसाचं पाचट (वाळलेला पाला) न जाळता कुजवलं, नांगरट कमी केली, तर एकरी किती कार्बन वाचला ते कसं काढायचं?

यावरून आमच्या घरात भांडण झालंय म्हणून लिहितोय.

हिशोब अवघड नाही. एक हेक्टर, 30 सेंटिमीटर खोली, काळ्या मातीची घनता घनमीटरला 1.3 टन धरली तर 3,900 टन माती. त्यात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणातून आलेला कार्बन) नुसता 0.1 टक्क्यानं वाढला तर 3.9 टन कार्बन, त्याचा कार्बन डायऑक्साइड करायला 3.67 नं गुणलं की 14 टनाच्या वर. एकरी काढायला अडीचनं भागा. एवढ्याशा फरकाला एवढा मोठा आकडा, म्हणजे सगळा खेळ माती कुठून उचलली त्याच्यावर.

माझा मेव्हणा एका कार्बन क्रेडिटवाल्या (शेतात वाचलेला कार्बन मोजून विकणाऱ्या) कंपनीत फील्डवर आहे. आमचं रान औसा तालुक्यात, खोडव्याचं (तोडणीनंतर परत फुटलेल्या उसाचं) पाचट मी सरीतच कुजवतो. पहिला नमुना त्यांच्या माणसानं वरच्या मुरमाड तुकड्यातून नेलेला, आणि मागच्या उन्हाळ्यात दुसऱ्या नमुन्याला मेव्हणा माती काढायचं गिरमिट घेऊन आला तो थेट गोठ्यामागं, उकिरड्याच्या कडेला, जिथं शेणाचं पाणी मुरून मुरून माती काळीभोर झालीय. मी म्हणलं इथं नको, मधल्या पट्ट्यात चल. तर म्हणतो, "दाजी, नमुना नावाला असतो ओ, आकडा अ‍ॅप काढतंय, सॅटेलाइटवर सगळं दिसतं." अरे, जाळ केला का नाही ते दिसेल, फूटभर खाली काय चाललंय ते कसं दिसेल? मग मीच कुदळ घेतली, मधोमध फूटभर खड्डा घेतला, कडेनं वरपासून खालपर्यंत सारखी चकती कापली. वरच्या चार बोटांत अर्धवट कुजलेले पाचटाचे तुकडे, खाली घट्ट काळी माती आणि चुनखडीचे पांढरे खडे. ते तुकडे वेचून टाकावे लागतात, आणि लॅबला सेंद्रिय कर्बच सांगायचा, एकूण कार्बन म्हणलं की चुनखडीपण त्यात धरली जाते. हे त्याला सांगितलं तर आमच्या हिनं मलाच ऐकवलं की भावाच्या नोकरीवर उठलात.

आता तुमचं पाचट. एकरी 3-4 टन पडतं, पण ते सगळं जमिनीत साठलं असं दाखवणारा हिशोब सरळ खोटा आहे, बहुतेक कर्ब कुजताना हवेत परत जातो. न जाळल्याचा फायदा वेगळा मांडायचा, तोही धुरातल्या मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड या हवा तापवणाऱ्या वायूंचाच, कारण जाळातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पुढचा ऊस परत ओढून घेतो. कुजवायला युरिया टाकला तर तो वजा करा: 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो नत्र, त्यातलं 1 टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन जातं असं आयपीसीसी (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची शास्त्रज्ञांची समिती) धरतं, म्हणजे गोणीमागं साधारण 90 किलो कार्बन डायऑक्साइड जेवढी हवा तापवेल तेवढं. अमेरिकेतलं कॉमेट प्लॅनर हे कार्बन हिशोबाचं ऑनलाइन साधन बघून एकरी आकडा सांगणारे भेटतील, ते तिथल्या काउंटीच्या माती-हवामानावर बसवलेलं आहे, लातूर-परभणीला तसंच लावू नका.

हां, ते 14 टन एका वर्षाचे नाहीत, कर्ब वाढायला वर्षं लागतात, आयपीसीसीच्या हिशोबात 20 वर्षं धरतात. काळी माती ओली असली की फुगते, वाळली की भेगाळते, घनता बदलते, म्हणून दोन्ही नमुने एकाच हंगामात, सारख्याच ओलीला घ्या. नांगरटीबद्दल नुसतं वरच्या 15 सेंटिमीटरवर जाऊ नका, कर्ब वर वाढून खाली कमी झालेला असू शकतो. सगळ्या कंपन्या अशा असतील असंही नाही.

पण पहिला नमुना कुठल्या जागेवरून, किती खोलीवरून घेतला ते जीपीएससकट लेखी मागा, आणि दिलं नाही तर कंपनीच्या कागदावर सही करू नका, समोर घरचा पाहुणा बसलेला असला तरी.