कृपेचा संदेश देणारे पाळक स्वतः रिकामे होतात तेव्हा

नंदुरबारला माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पाळकांच्या, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या धर्मगुरूंच्या, तोंडून एक प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकला आहे. मी दर रविवारी लोकांना देवाच्या कृपेविषयी सांगतो, पण मला स्वतःला आतून काहीच जाणवत नाही. मग मी ढोंगी आहे का, देवाने मला या सेवेसाठी बोलावले ते पाचारणच खोटे होते का? या प्रश्नाला मला जे उत्तर द्यावेसे वाटते, ते एका पाळकांच्या हकिकतीतून अधिक नीट सांगता येईल. त्यांच्या परवानगीने लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे पाळक नवापूरकडचे, वय पन्नाशीच्या आसपास, सेवेत बावीस वर्षे झालेली. पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी ते पॅसेंजरने आले ते पाळकीणबाईंच्या, म्हणजे पत्नीच्या, आग्रहामुळे. खुर्चीवर बसताच त्यांनी पिशवीतून जाड पुठ्ठ्याची एक वही काढून माझ्यापुढे ठेवली, जणू तपासणीसाठी दफ्तर सादर करावे तशी. पानांवर पट्टीने रकाने आखलेले होते: घरभेटी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, संदेश, उपास, बाप्तिस्मे, रविवारची हजेरी. प्रत्येक आठवड्याची बेरीज तळाशी होती आणि मागच्या आठवड्यापेक्षा आकडा कमी भरला असेल तिथे बॉलपेनने इतक्या जोरात रेघ ओढलेली होती की तिचा वळ पुढच्या दोन पानांवर उमटला होता. शेवटचा रकाना ‘वैयक्तिक मनन’ असा होता आणि त्यात कित्येक महिने फक्त शून्ये होती.

मी वही बाजूला ठेवली आणि आधी झोपेबद्दल विचारले. रात्री दोन-अडीचला जाग येते आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही, असे ते म्हणाले. जेवणावरची वासना गेली होती. मरणाचे विचार येतात का, असे मी सरळ विचारले, कारण हा प्रश्न विचारल्याने कोणाच्या मनात नवा विचार पेरला जात नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “ताई, जीव द्यावा असं नाही वाटत, पण सकाळी उठूच नये असं वाटतं.”

सेवेचा थकवा आणि नैराश्याचा आजार या दोन गोष्टींत गल्लत होऊ देता कामा नये. कामाच्या सततच्या ताणातून येणारा थकवा, कामाविषयी वाटू लागणारा दुरावा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना यांची जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात नोंद आहे, पण ती कामाशी निगडित अवस्था म्हणून. आजार म्हणून नव्हे. पाळकसाहेबांची लक्षणे मात्र तिथे थांबत नव्हती, म्हणून मी त्यांना त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले आणि रात्री-अपरात्री मन फार अंधारून आले तर फोन करण्यासाठी शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक पाळकीणबाईंनाही लिहून दिला.

गोळ्या घेणे हा अविश्वास ठरेल, अशी त्यांची भीती होती. मी त्यांना बायबलमधल्या पहिल्या राजे या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय मोठ्याने वाचायला सांगितले. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देव त्याला खडसावत नाही आणि त्याच्या विश्वासाची परीक्षाही घेत नाही. त्याला झोप लागते, देवदूत त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, आणि पुन्हा त्याला जेवू घातले जाते. संभाषण होते ते त्यानंतर. या उताऱ्यावर पाळकसाहेबांनी किमान दहा वेळा संदेश दिला होता, पण दोन झोपा आणि दोन जेवणे आपण कधी मोजली नव्हती, असे ते म्हणाले.

औषधाने तीन-चार आठवड्यांत झोप सुधारली आणि मग आम्ही वहीकडे वळलो. दिवाळीनंतरच्या महिन्यांत हजेरीचा आकडा दर वर्षी खाली येत होता, आणि त्याचे कारण त्यांनी मनाशी आपलीच प्रार्थना कमी पडते असे ठरवून ठेवले होते, जरी त्याच महिन्यांत अर्धा पाडा ऊसतोडीसाठी गुजरातेत जातो हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. एका वर्षी त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने गेलेल्या दोन तरुण मुलांचे दफनविधी केले होते. त्या आठवड्यांच्या पानांवर ‘दफनविधी: १’ एवढेच लिहिलेले होते. त्या घरांतल्या आयांना त्यांनी धीर दिला, पण स्वतः ते रडले नव्हते. माझ्यासमोर ते रडले, आणि त्या दिवशी आम्ही दुसरे काही केले नाही.

पाळकांच्या मनात दोन हिशोब असतात, हे मला अशा अनेक भेटींतून दिसले आहे. तारण कृपेने मिळते, हे ते मनापासून मानतात. परंतु सेवा मात्र मजुरीने चालते, असे नकळत धरून बसतात. आत आलो ते फुकट, आता आत राहायचे तर रोजंदारी भरली पाहिजे! प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलेले खरमरीत पत्र नेमके याच चुकीवर आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातल्या दाखल्यात, सगळे उधळून परतलेल्या धाकट्या मुलाला बाप मेजवानी देतो तेव्हा, घरीच राबलेल्या थोरल्या मुलाची तक्रारही तीच आहे: इतकी वर्षे मी चाकरी केली आणि मला साधे करडूही मिळाले नाही. बाप त्याच्या चाकरीचा हिशोब मांडत नाही. तू नेहमी माझ्याजवळ आहेस आणि माझे ते सर्व तुझेच आहे, असे सांगतो. पाळकसाहेब स्वतःला आजवर धाकट्या मुलात शोधत आले होते.

अशी वेळ आलेले आपण काही पहिलेच नाही, हे कळल्यानेही माणसाला आधार मिळतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला, पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांना पुढे आठ-एक वर्षांनी उमगले आणि त्यांनी ते मोकळेपणाने लिहून ठेवले. मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली तर दीक्षा मिळालेले पाळक होते, अमेरिकेतील सेवेतून खचून परतले होते, आणि २४ मे १७३८ रोजी लंडनमधल्या एका छोट्या सभेत बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरील धर्मसुधारक ल्यूथरची प्रस्तावना दुसरे कोणी वाचत असताना, नुसते ऐकत बसलेल्या वेस्लींना कृपा आपल्यासाठीही आहे याची खात्री पटली. त्या संध्याकाळी ते देणाऱ्याच्या जागी नव्हते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पाळकसाहेबांनी रास्त शंका काढली: असे शिकवले तर पाळक आळशी होणार नाहीत का? मी त्यांना उलट विचारले की या वहीच्या धाकाने तुमची सेवा वाढली का. ते म्हणाले की हल्ली कोणाच्या दारात पाऊल ठेवतानाच आपण निघण्याची वेळ मोजतो. ज्याला स्वतःला क्षमेचा आणि विश्रांतीचा घास मिळालेला नाही, तो दुसऱ्याला वाढताना हात आखडतो, असा माझा अनुभव आहे. राहिला ढोंगाचा प्रश्न, तर ढोंगी माणूस आपला कोरडेपणा झाकून सुखाने झोपतो. त्यासाठी तो पहाटेची गाडी धरून दुसऱ्याच्या दारात येत नाही. त्यांना जाणवणारी पोकळी हे पाचारण खोटे असल्याचे लक्षण नव्हते. बावीस वर्षे फक्त देत राहिल्याचे ते लक्षण होते.

मग मी त्यांना एकच काम दिले. पुढच्या एका घरभेटीत तुम्ही प्रार्थना करायची नाही, त्या घरातल्या माणसाला तुमच्यासाठी प्रार्थना करायला सांगायचे. ते कसेबसे कबूल झाले. एका पाड्यावरच्या वृद्ध विधवेच्या घरी ते गेले, चुलीपुढे बसून ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या दाण्यांची भाजी खाल्ली आणि उठताना आपली विनंती सांगितली. आजीबाई गोंधळल्या, म्हणाल्या, मला वाचता येत नाही, मी पाळकासाठी काय मागणार? मग त्यांनी पीठ लागलेला हात लुगड्याला पुसला आणि पाळकसाहेबांच्या डोक्यावर ठेवला. दीक्षाविधीनंतर बावीस वर्षांत कोणी डोक्यावर हात ठेवून आपल्यासाठी प्रार्थना केली नव्हती, असे पाळकसाहेबांनी मला सांगितले.

त्यानंतर त्यांनी वडीलजनांशी बोलून सोमवार सुटीचा ठरवला आणि महिन्यातून एकदा शेजारच्या मंडळीच्या पाळकांनी इथली उपासना चालवायची आणि दुसऱ्या एखाद्या वेळी आपण त्यांच्याकडची, अशी अदलाबदल सुरू केली. औषध अजून चालू आहे, काही आठवडे जड जातात आणि वही पूर्ण बंद झालेली नाही. तिच्यातला हजेरीचा रकाना मात्र त्यांनी स्वतःहून खोडला. अदलाबदलीच्या पहिल्या रविवारी ते आपल्याच मंडळीत मागे बसून राहिले आणि प्रभुभोजनाची भाकर त्यांनी पाहुण्या पाळकांच्या हातून घेतली. धाकट्या मुलीने पाळकीणबाईंच्या कानात विचारले, “आई, बाबा आज आपल्याजवळ का बसलेत?”