वाचकांचे प्रश्न : खोकल्याने पोट का दुखते?

प्रश्न : आठवडाभर कोरडा खोकला होता, त्यात छातीपेक्षा पोटच अधिक दुखले. श्वसन हे फुप्फुसांचे काम असताना पोटाचे स्नायू त्यात का ओढले जातात आणि त्यांना आज्ञा कोण देते?

उत्तर : एक साधा प्रयोग करून पाहा. उताणे पडून बरगड्यांच्या खाली, कुशीच्या बाजूला बोटे टेकवा. शांत श्वसनात पोट वरखाली होते, पण स्नायू मऊच राहतो. कारण आत येणारा श्वास श्वासपटलाच्या आकुंचनाने येतो, तर बाहेर जाणारा श्वास ताणलेली फुप्फुसे आपोआप पूर्ववत होत असल्यामुळे जातो. आता मुद्दाम खोका. आवाज फुटण्याच्या क्षणभर आधीच बोटांखालचा स्नायू ताठ होईल.

हा क्रम मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभात, विशेषतः त्याच्या खालच्या भागात म्हणजे लंबमज्जेत ठरतो. (शालेय पुस्तकांत तिला मस्तिष्कपुच्छ म्हणतात.) श्वास आत घेण्याचा ताल तेथील ‘प्री-बॉटझिंगर’ नावाच्या चेतापेशींच्या लहानशा पुंजक्यात निर्माण होतो, हे 1991 साली उंदरांच्या नवजात पिल्लांवरील प्रयोगांतून पुढे आले. हे नाव कोणा शास्त्रज्ञाचे नाही. शेजारच्या भागाला संशोधकांनी जर्मन वाइनच्या एका बाटलीवरून ‘बॉटझिंगर’ म्हटले आणि त्याला लागून असलेला तो ‘प्री-बॉटझिंगर’. जोराने श्वास सोडण्यासाठी जवळच चेतापेशींचा आणखी एक गट असून विश्रांतीत तो जवळजवळ गप्प असतो. व्यायामात किंवा रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर तो जागा होतो आणि मग पोटाचे स्नायू प्रत्येक उच्छ्वासाला आकुंचन पावून श्वासपटलाला खालून वर ढकलतात. त्यांतही सर्वांत आतला आडवा स्नायू सहसा आधी कामाला लागतो.

खोकल्यात हेच जाळे वेगळ्या क्रमाने चालते. श्वासनलिकेतील क्षोभाची वर्दी मस्तिष्कस्तंभाला मिळताच आधी खोल श्वास घेतला जातो, मग स्वरयंत्राची फट सुमारे पाव सेकंद घट्ट मिटते, आणि ती मिटलेली असतानाच पोटाचे स्नायू पूर्ण जोराने आवळले जातात. फट उघडली की कोंडलेली हवा झटक्यात सुटते. दिवसभर असे शेकडो वेळा झाले, तर कसरतीची सवय नसलेल्या स्नायूंप्रमाणे तेही दुखणारच. आपल्या दुखण्याचे कारण बहुधा एवढेच असावे. एका जागी फुगवटा दिसत असेल, तर मात्र हर्नियाची शंका डॉक्टरांकडून दूर करून घ्यावी.

उलटीत तर या जाळ्याचा सारा नियमच बदलतो. एरवी आलटून-पालटून काम करणारे श्वासपटल व पोटाचे स्नायू तेव्हा एकाच वेळी आकुंचन पावतात आणि जठर दोघांच्या मध्ये दाबले जाते. श्वासपटलाचा अन्ननलिकेभोवतीचा भाग तेवढा सैल पडतो.

आज्ञेची वाटही दुहेरी आहे. श्वासपटलाच्या चेता मानेतील तिसऱ्या ते पाचव्या मेरुचेतांतून निघतात, तर पोटाच्या स्नायूंच्या चेता छातीच्या खालच्या सहा आणि कमरेच्या पहिल्या मेरुचेतेतून. म्हणून मेरुरज्जूला मानेच्या तळाशी गंभीर इजा झालेली व्यक्ती स्वतः श्वास घेऊ शकते, पण तिला जोराने खोकता येत नाही. कफ बाहेर काढताना कोणीतरी तळहाताने तिचे पोट योग्य क्षणी वर दाबावे लागते.